वांडोवालीची पाटी

मी वाचायला शिकलो सदुसष्टाव्या वर्षी, आणि नेमकं त्याच वर्षी कोरियाच्या दक्षिणेतल्या आमच्या मोकपो बंदरातल्या दुकानांनी पाट्या लावायचं सोडून दिलं.

हा मी कुणावर आरोप करत नाही. योगायोग असेल. पण एकतीस वर्षं मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडल्या, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या पाट्या होत्या, आणि मी त्यांच्याखालून मान खाली घालून जात होतो. पुढे कारखाना बंद पडला. वॉर्ड ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर प्रौढांचा वर्ग भरतो, तिथे दहा आज्यांच्या घोळक्यात एकटा पुरुष होऊन बसलो. तीन हिवाळे घासून अक्षरं पदरात पाडून घेतली आणि मान वर करून रस्त्यावर आलो, तर वर काही नाहीच. सेऊलहून तरुण मुलं येतात, जुनी गोदामं भाड्यानं घेतात, भिंतींवर होता तोही रंग खरवडून काढतात आणि दारावर एक अक्षर लिहीत नाहीत. आमच्या समोरच्या इनग्यूचंच घ्या. हा कुंभार. स्वतः घडवलेल्या कपांतून कॉफी विकतो. कप वाकडे असतात. ती चूक नाही, असं त्यानं मला दोनदा सांगितलं आहे. दारावर पाटी नाही, शटर अर्धं खाली. पहिल्यांदा मी पंक्चरचं दुकान समजून आत गेलो होतो. सायकल घेऊन. आतल्या मुलींनी माझे फोटो काढले.

असो. सांगायचं होतं ते माझ्या बायकोच्या दुकानाबद्दल.

नांगर गल्लीत, बंद कारखान्याच्या मागच्या अंगाला, एक लोखंडी दार आहे. आत चार टेबलं. लाल चवळीचं दाट कढण आणि त्यात हातानं लाटून सुरीनं कापलेल्या शेवया, हा एकच पदार्थ अडतीस वर्षं तिथे मिळतो. दुकानाला नाव नाही. कधी लागलंच नाही. कारखान्यातला माणूस म्हणायचा, "लोखंडी दारात जाऊन येतो," आणि ऐकणाऱ्याला भूक लागायची. प्रत्येक टेबलावर दोन वाट्या असतात, एकीत मीठ आणि दुसरीत साखर. आमच्या भागात कढणात साखर घालणारे आणि मीठ घालणारे असे दोन पक्ष आहेत. निवडणुकीतले पक्ष लोक बदलतात, हे बदलत नाहीत. माझा पक्ष कोणता, ते तूर्त बाजूला ठेवू.

बायकोचं नाव ओकबुन. पण ते नाव तिच्या दवाखान्याच्या कार्डाखेरीज कुठे वापरात नाही. आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावानं हाक मारतात. शेजारची नाजूवाली, कोपऱ्यावरची जिंदोवाली, तशी ही वांडोवाली. चव्वेचाळीस वर्षं झाली.

उन्हाळा सरता सरता वांडोवालीनं एक दिवस पळी खाली ठेवली आणि मला समोर बसवलं. कारखाना गेल्यापासून दिवसाला नऊ-दहा वाडगे जातात, ती म्हणाली. तेवढ्यासाठी पहाटे उठून चवळी घोटायला तिची मनगटं काही सरकारी मालमत्ता नाहीत. छुसकच्या, म्हणजे सुगीच्या सणापर्यंत दिवसाला वीस वाडगे जायला लागले तर ठीक. नाहीतर सणाच्या आदल्या दिवशी दार ओढून घ्यायचं आणि ग्वांगजूला मुलीकडे राहायला जायचं.

मुलगी चांगली आहे. जावई तिच्याहून चांगला आहे, आणि अडचण तीच आहे. भांडायला काही सापडत नाही. घर सतराव्या मजल्यावर. मला बाल्कनीत एक खुर्ची नेमून दिलेली आहे. त्या खुर्चीतून समोरच्या इमारतीतली खुर्ची दिसते, आणि तिच्यातही एक म्हातारा बसलेला असतो. आम्ही एकमेकांना अजून हात केलेला नाही. हात केला की आपण तिथले झालो, असं दोघांनाही वाटत असावं.

त्याच आठवड्यात वॉर्ड ऑफिसच्या फलकावर एक कागद लागला. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. आयुष्यात संपूर्ण वाचलेला माझा हा पहिला सरकारी कागद, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. मुरलेले वाचक असं करत नाहीत, हे मला मागाहून कळलं. कागदावर लिहिलं होतं की शहरातले स्वतंत्र कलाकार, कारागीर आणि छोटे खाद्यव्यवसाय शोधून काढून त्यांचा एक नकाशा छापण्यात येणार आहे. नकाशाचं नाव 'लपलेले हात'. बाहेरगावचे लोक तो हातात धरून गल्लोगल्ली फिरतील आणि खातील, विकत घेतील.

मला जरा वाईटच वाटलं. आपण लपलेलो आहोत हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. नाजूवाली तीस वर्षं गल्लीच्या तोंडाशी रांजणांत मासळी आंबवते. तिचा वास पाहुण्याला स्टेशनवर घ्यायला जातो. ती लपणार कशी आणि कुठे? पण नकाशाला सापडायचं असेल तर आधी लपून बसावं लागतं, हा नियम मी मान्य केला आणि अर्ज मागितला.

टेबलापलीकडे सोरा नावाची मुलगी बसते. गोड मुलगी. वर्गात होतो तेव्हा माझी हजेरी हीच लावायची. तिनं पहिलाच रकाना दाखवला: दुकानाचं नाव. मी म्हटलं, नाव नाही.

"आजोबा, हा रकाना रिकामा राहिला तर कॉम्प्युटर पुढे जात नाही."

मी म्हटलं, आमची गिऱ्हाईकं अडतीस वर्षं जातायत पुढे. पण कॉम्प्युटरनं कढण खाल्लेलं नव्हतं. शिवाय अर्जाला पाटीचा फोटो जोडायचा होता, अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा होता, आणि पुढच्या मंगळवारी समिती जागा पाहायला येणार होती.

योग असा की त्याच सकाळी ओकबुन मुलीकडे गेली होती. आमच्यासाठी ठेवलेली खोली पाहायला, चार दिवसांसाठी. मी ठरवलं, ती यायच्या आत पाटी लावायची. विचारायचं नाही. चांगली कामं विचारून होत नाहीत, असं कप्तान मो म्हणतात. कप्तान मो आमच्या वरच्या घरात राहतात, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. त्यांनी सव्वीस वर्षं टगबोट चालवली, म्हणजे मोठ्या जहाजांना कुठे जायचं ते ढकलून सांगितलं. निवृत्तीनंतर ते माणसांना सांगतात.

पाटीसाठी लाकूड हवं होतं. ते घरातच सापडलं, याचा मला फार आनंद झाला. शेवया लाटायचा ओकबुनचा जुना फळा. जाड, रुंद, दाराच्या अर्ध्या फळीएवढा. वसंतात मुलीनं आईच्या मनगटांसाठी हलका नवा फळा पाठवला, तेव्हापासून जुना मागच्या अंगणात रांजणांमागे भिंतीला टेकून उभा होता. मी तो दोन स्टुलांवर आडवा घातला. वरची बाजू सुरीच्या घावांनी भरलेली होती. कप्तान म्हणाले, पॉलिशकागदानं घास. मी अर्धा दिवस घासला. अडतीस वर्षांचे घाव जातात कुठले, पण बोथट झाले.

मग पाटीवर लिहायचं काय, यावर गल्ली जमली. कप्तान मोंचं मत, 'मूळ' हा शब्द हवाच. माझं म्हणणं असं की या पदार्थाचं दुसरं दुकान गल्लीत नाही, तेव्हा मूळ कशाच्या तुलनेत? ते म्हणाले, "आज नाही. उद्या निघेल. तेव्हा तो 'अस्सल मूळ' लिहील. तू आत्ताच लिहून टाक." नाजूवालीचं मत, हसऱ्या म्हातारीचं चित्र हवं, म्हातारी हसताना दिसली की लोकांना वाटतं आत सगळं स्वच्छ आहे. मी म्हटलं, वांडोवाली हसताना कशी दिसते ते मला आठवून काढावं लागेल. इनग्यू एक वाकडा कप हातात घेऊन आला आणि त्यानं अगदी कळवळून सांगितलं की पाटी लावूच नका.

"आजोबा, पाटी लावली की लोकांना कळतं आत काय आहे. मग ते कशाला येतील?"

या मुलाच्या दुकानासमोर रविवारी रांग लागते, म्हणून मी त्याला वेडा म्हणू शकलो नाही. पण मी तीन हिवाळे कशासाठी घासले होते?

मी लिहिलं, 'वांडोवालीचं शेवयांचं कढण'. निळा तेलरंग, बोटींना लावतात तो. एकेका अक्षराला मी पाऊण तास दिला. पुढची अक्षरं जरा खाली उतरत गेली, कारण स्टूल एका पायानं आखूड होतं. कप्तान दूर उभे राहून म्हणाले की अक्षरं दारू पिऊन घरी चालल्यासारखी दिसतात. इनग्यू म्हणाला, कमाल आहेत, ही हातची अक्षरं सेऊलमध्ये कुणी काढून देत नाही. टीका सोसली मला, कौतुकानं मात्र शंका आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाटी चढवली. एक टोक मी धरलं, दुसरं कप्तानांनी. बुधवारी सकाळी अकरा वाजता नांगर गल्लीत पहिली पाटी लागली, आणि मी रस्त्यापलीकडे जाऊन ती मोठ्यांदा वाचली. वर्गात आम्हाला मोठ्यांदाच वाचायला लावत. ती सवय गेलेली नाही.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. पण तासाभरात नाजूवाली एक फळी घेऊन दारात उभी. तिलाही नकाशात जायचं होतं. मागोमाग जिंदोवाली, ती दोऱ्यात ओवून मासे वाळवते. मग कोपऱ्यावरची छत्र्या दुरुस्त करणारी, मग रजया शिवणारी. मी पाट्या रंगवत सुटलो. अर्जात खरं नाव हवं म्हणून मी प्रत्येकीला नाव विचारलं, आणि लक्षात आलं की चाळीस वर्षांच्या शेजारणींपैकी एकीचंही नाव मला ठाऊक नाही. त्यांनाही सांगताना अवघडल्यासारखं झालं. रजईवाली म्हणाली, "राहू द्या योमदादा, कुणी हाक मारली तर मी वळून पाहायची नाही." शेवटी सगळ्या पाट्या माहेरच्या गावांनीच लिहिल्या. गुरुवार दुपारपर्यंत गल्लीत सात पाट्या झाल्या. कप्तान मो दोरखंडाची पायपुसणी विणतात, त्यांनीही आठवी मागितली. त्यांना 'मूळ' हवं होतं. दिलं.

पाट्यांचे फोटो आणि सगळे अर्ज घेऊन मी सोराकडे गेलो. तिनं सगळे घेतले, शिक्के मारले, हसली. मग उठली आणि शेजारच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीवर अनधिकृत फलकांचं खातं आहे. माणूस एकच आहे, कारण दुसरा बाळंतपणाच्या रजेवर गेला आहे. आमच्याकडे आता बापही जातात. त्या खुर्चीतून तिनं मला तेच फोटो परत दाखवले आणि विचारलं, यांना परवानगी आहे का?

मी म्हटलं, आत्ता तूच घेतलेस ना हे फोटो.

"ते त्या खुर्चीत, आजोबा." तिला खरंच वाईट वाटत होतं. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक पाटीला परवाना लागतो, परवान्याला पाटीचा बांधकाम-आराखडा लागतो, आणि आराखडा नसेल तर मंगळवार सकाळपर्यंत पाट्या उतरवायच्या. म्हणजे समिती यायच्या आधी. मी फळीचा आराखडा काढून दिला: एक चौकोन. तिनं विचारलं, जाडी कुठे आहे? मी फळीची जाडी बोटांनी दाखवली. ती बोटं फायलीला जोडता येत नव्हती.

आठ नोटिसा घेऊन मी गल्लीत परतलो. माझ्या अब्रूचं काय झालं असेल ते मी लिहीत नाही. कालपर्यंत ज्या बायका मला 'योमदादा, पाणी घ्या' म्हणत होत्या, त्यांच्या दारांवरून मी गेलो तेव्हा आतून नुसती भांडी वाजत होती. कप्तान मो एवढंच म्हणाले की टगबोटीला असं कधी झालं नव्हतं. आणि लोखंडी दारासमोर पिशवी खाली ठेवून ओकबुन उभी होती. एक दिवस आधीच आली होती.

ती पाटी वाचत होती. तिला वाचायला येतं. लहानपणी तीन इयत्ता शिकली आहे. लग्नानंतर मी तिच्यापासून लपवून ठेवलं होतं की मला येत नाही; चाळीस वर्षं लपवलं. ती वीजबिल नेहमी मोठ्यांदा वाचायची, औषधाच्या बाटल्या मोठ्यांदा वाचायची, बसवरचं गाव मोठ्यांदा वाचायची. मला वाटायचं तिला सवय आहे.

आता ती काही मोठ्यांदा वाचत नव्हती. शेवटचं अक्षर संपवून तिनं विचारलं, "ही वांडोवाली कोण?"

मी म्हटलं, "तू."

"मी वांडोची नाही."

मला वाटलं प्रवासानं दमली आहे. पण ती अगदी सरळ उभी होती. मग तिनं पिशवी उचलता उचलता सांगितलं. मध्यस्थानं माझ्या आईला मुलगी दाखवली ती वांडोच्या धक्क्यावर, बोटीतून उतरताना. आई म्हणाली, वांडोची दिसते चांगली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं हाक मारली, "वांडोवाली, पाणी आण," आणि तिनं पाणी आणलं.

"मग सांगायचं तरी," मी म्हटलं.

"कुणाला? पहिल्या दिवशी सासूला? आणि दुसऱ्या दिवशी उशीर झाला होता."

आता लोक म्हणतील, नवऱ्याला बायकोचं माहेर माहीत नाही, हा कसला नवरा. माझी बाजू ऐका. सासरे लग्नाआधीच वारले होते आणि सासू बुसानला मुलाकडे राहायला गेली होती, त्यामुळे माहेरपण झालं ते सगळं बुसानला. लग्नाच्या कागदांवर गावाचं नाव असेल, पण मी तेव्हा कागदांकडे फक्त आदरानं पाहत असे. मी विचारलं, मग तू कुठली? ती आत जाता जाता म्हणाली, "वाचता येतं ना आता? वाचा की मग." आणि त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अपवाद एकच: शनिवारी तिनं मुलीला फोनवर सांगितलं की खोलीत कपाट ठेवायला हरकत नाही. मी ऐकावं इतक्या मोठ्यानं सांगितलं.

मी वाचायला लागलो. घरात जे जे छापील होतं ते वाचलं. लग्नाचा फोटो मागून वाचला. तिथे स्टुडिओचं नाव होतं. ट्रंकेतली विम्याची पावती वाचली. सोमवारी सकाळी वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथे भिंतीत एक यंत्र आहे, अंगठा ठेवला की कुटुंबाचा दाखला छापून देतं. माझा अंगठा त्यानं पाच वेळा नाकारला. एकतीस वर्षं बर्फ उचलून माझ्या बोटांवरच्या रेषा गेल्या आहेत; यंत्राच्या मते मी कुणीच नाही. सोरा धावत आली आणि विचारलं, आजोबा, दाखला कशासाठी हवाय? मागे अकरा माणसं रांगेत होती. बायको कुठली आहे ते पाहायचंय, असं मी म्हणू शकलो नाही. "सहज," म्हटलं आणि घरी आलो. घरी येऊन, मुलीकडच्या खोलीसाठी ओकबुननं मागवलेल्या कपाटाच्या खोक्यावरचंही मी सगळं वाचलं.

मंगळवार उजाडला. सकाळी दहाच्या आत पाट्या उतरवायच्या होत्या आणि दहालाच समिती यायची होती. बायकांनी आपापल्या पाट्या आधीच उतरवून आत नेल्या. आमची जड, म्हणून कप्तानांना बोलावलं. ओकबुन आत कढण ढवळत होती. आजचा दिवस गेला की फक्त बारा दिवस उरत होते. तिनं नवीन चवळीचं पोतं मागवलं नव्हतं, एवढं मी पाहून ठेवलं होतं.

आम्ही फळा उतरवला आणि रंग रस्त्याला लागू नये म्हणून पालथा, दोन स्टुलांवर ठेवला. तेवढ्यात समिती आली. तिघेजण: गळ्यात रुमाल बांधलेले एक प्राध्यापक, नगरपालिकेच्या एक बाई, आणि फोटो काढणारा. मागून सोरा, दोन्ही खुर्च्यांच्या फायली घेऊन. त्यांनी आधी इनग्यूचं दुकान पाहिलं. पाटी नाही, हे पाहून प्राध्यापक भारावले. म्हणाले, किती धाडसी मौन आहे. मग रस्ता ओलांडून आमच्याकडे आले, इथेही पाटी नाही, हे पाहिलं, आणि म्हणाले की या दुकानाला स्वतःची ओळख दिसत नाही.

बाईंनी अर्ज काढला. त्यावर नाव 'वांडोवाली', दारावर काही नाही. फोटो आहे, पाटी नाही. शिवाय 'दुकानाची कहाणी' या रकान्यात मी भरून दिलं होतं की ही कृती सासूबाईंनी सुनेला कानात सांगितली. ही सुचवणूक कप्तानांची. बाई म्हणाल्या, नाव जुळत नसेल तर जागा यादीतून वगळावी लागेल, आणि पेनाचं टोपण काढलं.

मी कुठेतरी पाहायचं म्हणून खाली पाहिलं. पालथ्या फळ्यावर काहीतरी कोरलेलं होतं. पटाशीनं, खोल, पिठानं आणि तेलानं काळं झालेलं. चव्वेचाळीस वर्षं हा फळा माझ्या घरात होता. चाळीस वर्षं मला वाचता येत नव्हतं, आणि उरलेली चार मी गावभर वाचत फिरत होतो. मी एकेका अक्षरावर बोट ठेवलं आणि सवयीनं मोठ्यांदा वाचलं.

"चंगसान बेट. ओकबुनसाठी. बाबांनी केला."

कप्तान मो म्हणाले, "हे लावतानाच दिसलं होतं मला. म्हटलं तुला माहीत असेल. वाचणारा तू."

दारात ओकबुन उभी होती, कोपरापर्यंत पीठ. चंगसान म्हणजे वांडोहून पुढे तासभर बोट. तिचे वडील बोटी बांधायचे, शेवटच्या आजारपणात बोट झेपेना तेव्हा त्यांनी मुलीच्या लग्नासाठी हा फळा केला, हे मला त्या दिवशी नंतर कळलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, बाईंना, "ते वांडोवाली खोडा. नाव आहे दुकानाला."

"पण पाटी..." सोरा म्हणाली. तिच्या दोन्ही फायली तिला दोन्हीकडून ओढत होत्या. मग तिचा चेहरा उजळला. "आजोबा, आतल्या भिंतीवर लावलं तर ती पाटी नाही. ते सामान होतं."

प्राध्यापकांनी कहाणीच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं. "बापानं फळा केला, मी शेवया करते," ओकबुन म्हणाली. "उभ्या उभ्या आणखी काही सांगता येत नाही. बसा." ते बसले. प्राध्यापक साखरवाले निघाले, बाई मीठवाल्या. थोडा वेळ वातावरण तंग होतं.

नकाशा आठवड्यानं आला. राखाडी कागदावर राखाडी, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. मी भिंग लावून वाचली. 'चंगसानची ओकबुन' एकतिसाव्या क्रमांकावर आहे. ठिपका चुकून बंद कारखान्यावर पडला आहे, त्यामुळे लोक आधी कारखान्याला प्रदक्षिणा घालतात आणि मग भुकेले होऊन येतात. कप्तान मोंना समितीनं दोरखंडाचे कलाकार म्हणून शोधून काढलं, तेव्हापासून त्यांच्या पायपुसण्यावर पाय पुसायला बंदी आहे. बाकीच्या बायकांनीही सोराचं ऐकून आपापल्या पाट्या आतच लावल्या. त्यामुळे आज नांगर गल्लीत बाहेर एकही पाटी नाही. पाहुणे येतात, दारं मोजतात, चुकीच्या घरात शिरतात आणि खूश होतात.

छुसकच्या आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत एकोणीस वाडगे गेले. ओकबुन चुलीपाशी उभी होती, मी दाराशी. विसावं गिऱ्हाईक येईना. गाव सणाला आपापल्या घरी गेलं होतं. इनग्यूसुद्धा शटर पूर्ण खाली ओढून सेऊलला गेला होता. कपाटाचा खोका कोपऱ्यात बांधून तयार होता. पाचला ओकबुननं कमरेचा फडका सोडायला घेतला.

मी बाहेर गेलो, दार लावलं, टोपी नीट केली आणि परत आत आलो.

"चंगसानच्या ओकबुनचं दुकान हेच का?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या फळ्याकडे. फडका पुन्हा बांधला. वाडगा भरून माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "मीठ की साखर?"

आता माझा पक्ष सांगायला हरकत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं मला कढण वाढलं, ते मीठ घालूनच. नव्या बायकोला काय सांगायचं, म्हणून खाल्लं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा मीठच घातलं, आणि तेव्हा उशीर झाला होता.

"साखर," मी म्हटलं.

तिचा हात मिठाच्या वाटीवर होता. तो तसाच राहिला.

"चव्वेचाळीस वर्षं?" ती म्हणाली. "अहो, चव्वेचाळीस वर्षं काय मिठाची गुळणी धरून बसला होतात?"

मग ती हसली. वांडोवाली हसताना कशी दिसायची ते मला आठवत नव्हतं, पण चंगसानवाली बरी दिसते. तिनं साखरेचे तीन मोठे चमचे घातले, ढवळलं, आणि समोर बसून राहिली, मी खातो ते पाहत. सणानंतरचं चवळीचं पोतं कुणाकडून मागवायचं, ते बोलू लागली.

कढण भयंकर गोड होतं. चव्वेचाळीस वर्षांत माझी जीभ बेटावरची झाली होती आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी वाडगा शेवटपर्यंत संपवला आणि म्हटलं, वा.